अमेरिकन कॉलेजच्या अर्जात आपल्या संस्कृतीवर एसे लिहायचाय? मग आधी आजीला फोन लावा

दरवर्षी मे-जून आला की मला वेगवेगळ्या घरांतून एकच मेसेज येतो, "मावशी, एसेमध्ये आपल्या कल्चरबद्दल काय लिहू?" मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते आणि आठ-नऊ वर्षं झाली, मुलांचे कॉलेजच्या अर्जाचे निबंध वाचतेय. काही इथंच जन्मलेली मुलं, काही पुण्या-नागपुरातून थेट अर्ज करणारी. दरवेळी प्रत्येकाला तेच तेच टाईप करून पाठवते, म्हणून या वेळी म्हटलं सगळं एकदाच नीट लिहून ठेवावं.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. वाचणाऱ्याला महाराष्ट्र समजावून सांगायची जबाबदारी तुमच्यावर नाहीये. तुमच्या घरातली एकच छोटी गोष्ट घ्या, जी तुमच्या हाताला, जिभेला किंवा कानाला सवयीची आहे, आणि ती करताना तुमच्या डोक्यात काय चालतं ते लिहा. बाकी सगळं या लेखात आहे ते एवढं कसं साधायचं त्याबद्दलच आहे.

पायरी १: कुठे काय विचारतात ते आधी बघून घ्या

बरीच मुलं थेट लिहायला बसतात आणि मग कळतं की शब्दमर्यादाच वेगळी होती. कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या ऑनलाइन फॉर्मचा, मुख्य एसे २५० ते ६५० शब्दांचा असतो, सात प्रश्न दिलेले असतात त्यातला एक निवडायचा. पहिला प्रश्न साधारण असा आहे की तुमची पार्श्वभूमी, ओळख, आवड किंवा एखादं कौशल्य इतकं महत्त्वाचं असेल की त्याच्याशिवाय तुमचा अर्ज अपुरा वाटेल, तर ते सांगा. वारशावर लिहिणारी बहुतेक मुलं हाच घेतात आणि त्यात काही चूक नाही, पण तुमची गोष्ट जर एखाद्या समजुतीला प्रश्न विचारल्याबद्दलची असेल तर त्यासाठी वेगळा प्रश्न आहे, आणि सातवा तर मोकळाच आहे, कुठलाही विषय चालतो. म्हणून आधी गोष्ट ठरवा, प्रश्न कुठला टिक करायचा ते नंतर.

मग असतात सप्लिमेंट्स, म्हणजे प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे छोटे प्रश्न. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये वंश हा निकष म्हणून वापरायला मनाई केली, पण त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही लिहिलं की वंशाचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने स्वतः सांगितलं तर ते कॉलेजला विचारात घेता येईल, मात्र ते त्या विद्यार्थ्याच्या एखाद्या गुणाशी किंवा क्षमतेशी जोडलेलं असायला हवं. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी प्रश्न बदलले, तुमच्या अनुभवाने तुम्ही कसे घडलात, कुठल्या समूहात वाढलात, असे प्रश्न वाढले. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण "आम्ही भारतीय आहोत" एवढं सांगून आता काही होत नाही, त्यातून तुमच्यात काय आलं ते दाखवावं लागतं.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं सगळंच वेगळं. तिथे आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द, आणि संस्कृती असा थेट प्रश्न नाही. पण तुमची सर्जनशीलता कशात दिसते, शाळा किंवा समाज चांगला व्हावा म्हणून तुम्ही काय केलं, अशा प्रश्नांत घरातली गोष्ट छान बसते. फक्त तिथे भाषा सरळ ठेवा, प्रसंगाची लांबलचक मांडणी करायला जागाच नसते.

आणि ब्रिटनला अर्ज करत असाल तर हा लेख जवळजवळ बाजूला ठेवा. तिथे कॉलेजचे अर्ज यूकॅस या संस्थेमार्फत जातात, त्यातल्या पर्सनल स्टेटमेंटचे २०२६ च्या प्रवेशापासून तीन ठरलेले प्रश्न झालेत, सगळे मिळून ४,००० कॅरेक्टर्स, आणि सगळा भर हाच विषय का शिकायचाय आणि त्याची तयारी काय केली यावर आहे. आजीची गोष्ट तिथे नको.

पायरी २: वेळ

कॉमन ॲप दरवर्षी १ ऑगस्टला नवीन वर्षासाठी उघडतं. लवकरच्या फेरीची तारीख बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि कॅलिफोर्नियाचा अर्ज पाठवायचा काळ साधारण १ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर. भारतातून अर्ज करणाऱ्यांना तर बारावीच्या प्रॅक्टिकल्स आणि बोर्ड लगेच समोर असतात. म्हणून गोष्ट शोधायचं काम मे-जूनमध्ये, पहिला खर्डा जुलैत, आणि शाळा जोरात सुरू व्हायच्या आत एसे जवळपास तयार. दिवाळीच्या फराळात बसून पहिला खर्डा लिहिणारी मुलं मी बघितलीत, त्यांची फार ओढाताण होते.

पायरी ३: सामान गोळा करा (इथे घाई करू नका, सगळा एसे इथेच घडतो)

एक साधी वही घ्या, दोन आठवडे जवळ ठेवा. घरात जे काही असं होतं की जे तुमच्या मित्राच्या घरी होत नाही, ते लिहून काढा. सणवार नकोत, ते सगळ्यांना आठवतात. बारीक बारीक बघा. निघताना "जाते" न म्हणता "येते" म्हणायचं. वरण-भातावर तूप वाढायला कुणीतरी हमखास मागून येतं. पाहुणे दारात चपला घालून अर्धा तास उभे राहून बोलतात. गोड्या मसाल्याचा डबा बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून येतो. बाबा पाढे म्हणताना मराठीत मोजतात आणि बाकी सगळं इंग्लिशमध्ये बोलतात. अशा तीस-चाळीस ओळी झाल्या पाहिजेत.

मग आजी-आजोबांना फोन. इथे प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. "आजी, आपल्या संस्कृतीबद्दल सांग ना" म्हटलं की आजी एकदम भाषणाच्या सुरात बोलायला लागते, तुमची आजीही तेच करेल. त्यापेक्षा असं विचारा: तू सतरा वर्षांची असताना दुपारी चार वाजता काय करत असायचीस? घरात पहिला जेवायला कोण बसायचं आणि शेवटी कोण? कुठली गोष्ट करायची परवानगी नव्हती? तुझ्या आईकडून तू काय शिकलीस आणि तिची कुठली गोष्ट तू मुद्दाम सोडून दिलीस? हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे, तो नक्की विचारा. रेकॉर्ड करायचं असेल तर सांगून करा. आणि फोन ठेवल्याबरोबर त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, कारण दोन दिवसांनी तुम्हाला फक्त अर्थ आठवेल आणि एसेला शब्द हवे असतात.

आजी जात्यावर दळायची असं कळलं तर आणखी एक दार उघडतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या काही आता पारी या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. शाळेतल्या एका मुलीला तिच्या आजीच्या तालुक्यातली एक ओवी तिथे सापडली, तिने ती फोनवर आजीला ऐकवली, आणि आजीने पुढची ओळ वेगळीच म्हणून दाखवली! ती वेगळी ओळ हाच त्या मुलीचा एसे झाला.

पायरी ४: निवडायचं कसं

इथे मी माझ्या भाचीचं उदाहरण सविस्तर सांगते, तिला विचारून सांगतेय.

तिचा पहिला खर्डा आला तो गणपतीवर. दहा दिवस, आरती, मोदक, ढोल-ताशा, विसर्जन, विविधतेत एकता, आणि शेवटी "माझ्या संस्कृतीने मला मूल्यं दिली". ६४० शब्द, व्याकरण बिनचूक, आणि त्यात माझी भाची कुठेच नव्हती. तिचं नाव पुसून आमच्या शाळेतल्या कुणाही वीस मुलांचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. मी तिला तेवढंच विचारलं, की यातली कुठली ओळ फक्त तूच लिहू शकतेस? ती बराच वेळ गप्प होती. मग आम्ही तिची वही काढली आणि एका ओळीवर ती स्वतःच थांबली. तिथे लिहिलं होतं: चिमणीच्या दातांनी तोडणे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे आठवत असेल. गोळी एकच, पोरं चार, मग गोळी फ्रॉकच्या कडेत नाहीतर शर्टाच्या टोकात गुंडाळायची आणि कापडावरून दाताने कडकन तोडायची, म्हणजे तोंड लागत नाही आणि ती उष्टी होत नाही. भाची आठ वर्षांची असताना उन्हाळ्यात कराडला माझ्या आईकडे गेली होती, तिथे आईने तिला हे शिकवलं. आणि दहावीत असताना रोबोटिक्सच्या टीमबरोबर बसमधून येताना सगळ्यांना भूक लागलेली, खायला एकच बार उरलेला, तर हिने काही विचार न करता तो हुडीच्या बाहीत धरला आणि तोडला. सगळे बघायला लागले. हिने समजावलं, आणि नंतर वर्षभर ती टीम प्रत्येक गोष्ट तशीच तोडायला लागली.

आता एवढ्यावर एक गोड एसे झाला असता. पण तिने पायरी तीनमधला फोन केला होता. तिने आजीला विचारलं की उष्टं एवढं वाईट का असतं? आणि तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तिला सरळ सांगितलं की आमच्या घरी, म्हणजे माझ्या आईच्या माहेरी, कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा असायचा, मागच्या कोनाड्यात पालथा घातलेला. भाचीला ते लगेच जोडता आलं. ज्या कल्पनेमुळे चार भावंडांना एक गोळी वाटून खाता येते, त्याच कल्पनेने एक कप मागच्या कोनाड्यात ठेवला होता. हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं आणि तो कप मी स्वतः पाहिलेला आहे.

तर निवडताना बघायचं ते हे. गोष्ट हातात धरता येईल इतकी छोटी आहे का? तुम्ही त्यात स्वतः काहीतरी करताय का, की नुसतं बघताय? त्यात तुमचा स्वतःचा एखादा प्रश्न आहे का, ज्याचं उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही? आणि त्याचा धागा तुमच्या आजच्या आयुष्यापर्यंत, शाळा, मित्र, काम, जे काही असेल तिथपर्यंत येतो का? चारही जमले पाहिजेत असं नाही, पण तिसरा नसेल तर एसे बहुतेक वेळा पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकासारखा होतो.

काही विषय मी मुलांना शक्यतो टाळायला सांगते. डब्यातल्या भाजीचा वास आला आणि सगळे हसले, मग मला माझ्या डब्याचा अभिमान वाटायला लागला, ही गोष्ट खरी असते, माझ्या मुलाची पण आहे, पण ती इतक्या मुलांनी लिहून झालीय की वाचणाऱ्याला शेवट पहिल्याच ओळीत कळतो. "मी दोन जगांच्या मध्ये अडकलोय" याचंही तेच. आणि वारी, किल्ले, शिवाजी महाराज यांच्यावर लिहायचं असेल तर आधी हिशोब करा, आळंदीहून पालखी निघते म्हणजे काय हे समजावण्यातच तीनशे शब्द जातात आणि तुमच्यासाठी उरतात साडेतीनशे. तुम्ही स्वतः चालला असाल, पायाला फोड आले असतील, रात्री कुणाच्या तरी पडवीत झोपला असाल, तर मात्र जरूर लिहा, फोडापासून सुरुवात करा.

अजून एक, जरा मनापासून सांगते. मराठी संस्कृती म्हटलं की बऱ्याच मुलांच्या डोळ्यासमोर एकाच प्रकारचं घर येतं, पुरणपोळी, अथर्वशीर्ष, नऊवारी. ज्यांचं घर तसं नाही ती मुलं मग म्हणतात, आमच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. असं अजिबात नसतं! नागपूरच्या एका मुलाच्या घरी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची पद्धत, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्याचे पणजोबा गर्दीत होते. तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि त्याचे वडील दरवर्षी एक पुस्तक घेतात, पहिल्या पानावर तारीख आणि बसचं तिकीट चिकटवतात. त्याने आधी बाबासाहेबांवर लिहिलं होतं, १९१३ ला ते कोलंबियाला आले, काय काय शिकले, सगळं बरोबर आणि आदराने, पण तो स्वतः त्यात नव्हता. मी म्हटलं ते सगळं एका वाक्यात आण आणि मला ते पुस्तकांचं कपाट दाखव. मग त्याने कपाट दाखवलं, कुठल्या वर्षीचं तिकीट निघून आलंय, कुठलं पुस्तक वडिलांना वाचून समजलं नाही आणि त्यांनी ते याच्याकडून समजून घेतलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पायरी ५: पहिला खर्डा बोलून करा, आणि हवं तर मराठीत

कोरं पान उघडून इंग्लिशमध्ये पहिलं वाक्य लिहायला बसलं की मुलं एकदम मोठ्या माणसांसारखी लिहायला लागतात, अवघड शब्द, लांब प्रस्तावना. त्यापेक्षा फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि मित्राला सांगताय तसं पाच-सात मिनिटं बोला, मराठी, इंग्लिश, मिंग्लिश, जे येईल ते. मग ते ऐकून उतरवून काढा. बोलताना तुम्ही जिथे आपोआप हळू झालात, किंवा "नाही म्हणजे, कसं सांगू" म्हणालात, तिथे खूण करा, एसेचा मधला गाभा बहुतेक तिथेच असतो. पुण्यातून अर्ज करणाऱ्या मुलांना हे विशेष करून सांगते, तुमचं इंग्लिश अमेरिकन मुलांसारखं वाटायची काही गरज नाही, ते स्वच्छ आणि तुमचं वाटलं पाहिजे.

पायरी ६: बांधणी

मी ठरावीक साचा देत नाही, पण ६५० शब्दांचा अंदाज यावा म्हणून भाचीच्या एसेत काय किती होतं ते सांगते. बसमधला प्रसंग साधारण १२० शब्द, तिथूनच सुरुवात. कराडचा उन्हाळा आणि ही पद्धत काय असते ते ९० शब्दांत, बस. आजीचा फोन आणि कपाची गोष्ट जवळजवळ २००. आणि उरलेले सव्वादोनशे शब्द त्यानंतर तिने काय केलं त्यावर, कारण कॉलेजला तीच मुलगी हवी आहे, आजी नको. तिने काय केलं? काही मोठं नाही. टीममध्ये एक मुलगा नेहमी वेगळा बसून खायचा, त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, तर हिला ते पहिल्यांदा दिसलं. तिने लिहिलं की मी आधी वर्षभर त्याच बसमध्ये होते आणि मला दिसलं नव्हतं. मग ती त्याच्याशी बोलायला गेली तो प्रसंग, थोडा अवघडलेला, जसा झाला तसाच.

सुरुवातीबद्दल एकच. "भारत हा परंपरांचा देश आहे" किंवा शब्दकोशातली व्याख्या याने सुरू करू नका. तुमच्या हातात काहीतरी असताना सुरू करा. तिचं पहिलं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: "बार एकच होता आणि आम्ही पाच जण, म्हणून मी तो बाहीत गुंडाळला." पुढचं वाक्य वाचावंसं वाटतं की नाही?

आणि शेवट करताना "या सगळ्यातून मी शिकले की" असं वाक्य आलं तर ते खोडा आणि त्याच्या आधीच्या वाक्यावर थांबून बघा, दहातल्या आठ वेळा तोच शेवट जास्त चांगला निघतो.

पायरी ७: मराठी शब्दांचं काय करायचं

याच्यावरून घरात खूप वाद होतात. पालक म्हणतात सगळं इंग्लिशमध्ये लिही, त्यांना काय कळणार. मला वाटतं एसेत दोन, फार तर तीन मराठी शब्द असावेत, आणि ज्यांना इंग्लिशमध्ये खरंच जागा नाही असेच असावेत. आजीला आजीच म्हणा. उष्टं या शब्दाला इंग्लिशमध्ये एक शब्द नाही, तर तो ठेवायचाच. पण लगेच कंसात अर्थ देऊ नका, वाचताना तो फार पाठ्यपुस्तकी वाटतो. वाक्यातूनच कळू द्या, म्हणजे जसं "तोंड लागलं की ते उष्टं होतं, मग ते दुसऱ्याला द्यायचं नसतं" असं लिहिलं की काम झालं. चिमणीचे दात मात्र तिने सरळ इंग्लिशमध्ये नेले, कारण चिमणी आणि दात दोन्ही सगळ्यांना माहिती असतात आणि त्या दोन शब्दांनीच चित्र उभं राहतं. ज्या शब्दाची गंमत त्याच्या चित्रात आहे तो भाषांतरात न्या, ज्याची गंमत त्याच्या अर्थात आहे तो तसाच ठेवा. पुरणपोळीला गोड भरलेली रोटी वगैरे म्हणू नका, वाचणाऱ्याला पुरणपोळी कळत नाही आणि आपल्याला वाईट वाटतं.

पायरी ८: कापाकापी

खर्डा १,००० शब्दांचा झाला तर घाबरू नका, उलट चांगलं आहे. आधी पहिला परिच्छेद पूर्ण झाकून दुसऱ्यापासून वाचा, बऱ्याचदा एसे तिथूनच सुरू होत असतो. मग संस्कृती, मूल्ये, वारसा, परंपरा, अभिमान, या शब्दांची इंग्लिश भावंडं शोधा आणि जिथे जिथे सापडतील तिथे ते वाक्य काढून टाकून काही हरवतंय का बघा. भाचीच्या दुसऱ्या खर्ड्यात वारसा हा शब्द सात वेळा होता, शेवटच्यात एकदाही नव्हता. मग मोठ्याने वाचा, जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा.

पायरी ९: कुणाला दाखवायचं, कुणाला नाही

दोन माणसं पुरे. एक जो तुम्हाला चांगलं ओळखतो, त्याला विचारा "हा मीच आहे का?" आणि एक ज्याला मराठी घराचं काही माहीत नाही, त्याला विचारा "कुठे अडखळलास?" यापेक्षा जास्त लोकांना दाखवलं की प्रत्येक जण एकेक वाक्य गुळगुळीत करतो आणि शेवटी तुमचा आवाजच जातो.

आई-बाबांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, दुरुस्त करू नका. तुम्हाला वाटेल की बक्षिसं आली नाहीत, पहिला नंबर आला नाही. ते सगळं अर्जात दुसरीकडे भरलेलं असतं. एका मुलाचा एसे एका फी घेणाऱ्या काऊन्सेलरने पूर्ण नव्याने लिहून दिला होता, आजोबांच्या शेतातल्या सूर्योदयापासून सुरुवात. त्याच्या आजोबांचं शेतच नाही, ते एसटीत कंडक्टर होते! तो मुलगा मला म्हणाला, मला हे वाचून कसंतरीच होतंय. आम्ही ते सगळं बाजूला ठेवलं आणि आजोबांच्या तिकिटांच्या पेटीवर लिहिलं, ती पेटी त्याच्या टेबलावर होती, त्यात तो पेनं ठेवायचा.

एआयबद्दलही स्पष्ट सांगते, कारण सगळे विचारतात. कॉमन ॲपच्या नियमांत एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं ही फसवणूक धरली जाते आणि अर्ज पाठवताना सगळं माझं आहे म्हणून सही करावी लागते. आणि नियम बाजूला ठेवला तरी, कोनाड्यातला पालथा कप त्याला माहीत नाही.

पायरी १०: परवानगी आणि खरेपणा

घरातल्या माणसांबद्दल लिहिताय, तर त्यांना विचारा. भाचीचा एसे वाचून पहिल्यांदा मला स्वतःला अवघडायला झालं, आपल्या घरातली अशी गोष्ट परक्या माणसांनी का वाचावी. पण तो निर्णय माझा नव्हता. तिने आजीलाच विचारलं. आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "झालं तसं लिही, फक्त त्या बाईंचं नाव घालू नको, त्यांना आपण विचारलेलं नाही." हा नियम मी तेव्हापासून सगळ्या मुलांना सांगते. ज्यांना विचारता येत नाही त्यांचं नाव नाही.

आणि नसलेलं दुःख आणू नका. घरात सगळं ठीक असेल तर ठीकच आहे म्हणून लिहा. सुखी घरातल्या मुलांनी लिहिलेले अतिशय सुंदर एसे मी वाचलेत, एक तर नुसता आजोबांबरोबर रोज रात्री पंचांग बघण्यावर होता आणि तो मुलगा आता खगोलशास्त्र शिकतोय.

पायरी ११: पाठवण्याआधी

मजकूर पेस्ट केल्यावर प्रिव्ह्यू उघडून पूर्ण वाचा, परिच्छेद एकमेकांना चिकटलेत का, अवतरण चिन्हांच्या जागी काही भलतंच आलंय का ते बघा. कॉलेजचं नाव एसेत असेल तर ते याच कॉलेजचं आहे ना हे तपासा, सप्लिमेंटमध्ये ही चूक फार होते. मुख्य एसेतली गोष्ट सप्लिमेंटमध्ये परत वापरू नका, वहीत अजून तीसेक ओळी आहेत, त्यातली दुसरी घ्या.

आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना एकदा पूर्ण वाचून दाखवा, मराठीत सांगत सांगत. परवानगी तर तुम्ही आधीच घेतलीय, हे तपशील तपासण्यासाठी. भाचीने ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तेव्हा आईने तिला मध्येच थांबवलं. भाचीने लिहिलं होतं की आजीने गोळी पदरात गुंडाळून तोडली. आई म्हणाली, "पदरात नाही गं, तुझ्याच फ्रॉकच्या कडेत. मी नुसती धरली होती, तोडलीस तू." भाचीने तिथल्या तिथे ते वाक्य बदललं, चार शब्द वाढले, म्हणून दुसरीकडचे चार काढले, आणि त्याच रात्री अर्ज पाठवला.